तीन ठोके, पाच ठोके

३ फेब्रुवारी
तीर्थरूप बाबांना, सा. न. वि. वि.

तुमचा शब्द आमच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात सापडला. छत पाडत पाडत वर सरकायचं, याला तुम्ही खाणीत ‘स्टोपिंग’ म्हणायचात. आम्हीही तेच म्हणतो, फक्त आमच्याकडे खोदणारं कुणी नसतं. वितळलेला खडक डोक्यावरच्या छताचे तुकडे सुटे करतो, ते बुडतात आणि तो वर चढतो. वर्गात शिकवताना ‘आमचे बाबा म्हणतात’ असं तोंडून निघालं नि सगळे हसले.

आपल्या घराखालचा जुना स्टोप, खाणीतली ती पोकळी, हीही अशीच वर चढत असेल. हट्ट सोडा, इकडे या.

आशीर्वाद आहेतच, ते वाढते असावेत.
तुमची ठमी

९ फेब्रुवारी
चि. ठमीस, अ. आ.

खोदायचं आम्ही आणि पुस्तकं लिहायची तुम्ही, बरं आहे.

स्वयंपाकघराच्या फरशीवर रोज पहार वाजवतो. खणखणीत वाजलं तर खाली धड, बद्द वाजलं तर सुटलेलं. शेगडीजवळचा कोपरा महिनाभर बद्द वाजतो आहे.

तरी येत नाही, ते तुझ्या मामासाठी. छत कोसळलं तेव्हा तो त्याच स्टोपमध्ये राहिला, सापडलाच नाही. आमची खूण होती: तीन ठोके म्हणजे छत ठीक, पाच म्हणजे पळ. आठवडाभर मी पहार वाजवली की खालून तीन येतात. मला वेड लागलेलं नाही. त्याला एकट्याला टाकून कसा येऊ?

काळजी नसावी.
बाबा

१४ फेब्रुवारी
ती. बाबांना, सा. न.

तो मामा नव्हे, दगड पडताहेत. मला भीती वाटते. रविवारी न्यायला येते, तोवर स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका. एवढं ऐकाच.
ठमी

१७ फेब्रुवारी
चि. ठमीस, अ. आ.

तुझं पत्र पोस्टमनने आज अंगणात दिलं. परवा सकाळी खालून पाच आले, मोजून पाच. पहार घेऊन उंबरठ्याबाहेर पडतो न पडतो तोच शेगडी, ओटा, मांडणी सगळं खाली गेलं. मी सुखरूप आहे, शेजारच्या शिंपीणबाईंकडे उतरलो आहे.

तू म्हणशील, दगडच. असतीलही. पण एक गोष्ट मी तुझ्या आईलाही सांगितली नाही. त्या दिवशी छत मीच तपासलं होतं आणि ते बद्द वाजलं होतं. कामाची पाळी संपतच आली होती, तेवढ्यात काही होत नाही म्हणून मी मामाला तीन दिले. दोन आठवडे तो माझेच तीन मला परत देत होता. मग त्याने पाच दिले, जे मी त्याला दिले नव्हते.

रविवारी ये, मी येतो. इथली फरशी खणखणीत आहे, पण मी एकदाच ठोकतो आणि खालून काही येतं का ते ऐकत थांबतो.

हे वाचूनही माया राहू दे.
बाबा