झुंबरास, सैल झालेल्या बिजागरीविषयी

मु. वडिवळे, ता. मावळ
कार्तिक वद्य पंचमी, रविवार, ता. १९ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. झुंबर हिला हौशीरामदादाचे पोटभर आशीर्वाद, आणि हे पत्र तिला वाचून दाखवणारे आमचे दत्तोबा दाजी यांना रामराम. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. (तुझी भागूवहिनी दोन्ही पायांनी खुशाल, मी एका.) तुझी म्हैस व्याली का, दाजींचा खोकला थंडीत वाढला तर नाही ना, नंदाला शाळेत जायला सायकल घेतलीत का, आणि चंपा सासरी रुळली का, हे सगळं सविस्तर कळव. तू सहा महिन्यांत इकडे फिरकली नाहीस. परंदवडीहून वडिवळे म्हणजे काही काशी नव्हे. तळेगावला गाडीत बसलं की तिसरं स्टेशन कामशेत. पण ते राहू दे, मी रागावून लिहीत नाही. रागावायचं असतं तर पोस्टकार्डावर भागलं असतं. हे चांगलं पाकीट आहे, आणि वर तिकीट जास्तीचं लावलं आहे.

पत्रास कारण माझा उजवा गुडघा. गेली चार वर्षं आपल्या दोन्ही घरांत या गुडघ्याइतकी चर्चा जावयाचीसुद्धा झाली नसेल, तरी दाजींना सगळी हकीकत सलग ठाऊक नाही म्हणून मुळापासून सांगतो. (दाजी, कंसातलं सगळं मोठ्यानं वाचायचं नसतं. काही काही तुमच्यापुरतं असतं.) मी घाटात रेल्वेच्या नोकरीत तीस वर्षं काढली. शेवटची दहा गँगचा मुकादम म्हणून, पण त्याआधीची वीस चावीवाला म्हणून. रूळ ज्या खाचेत बसवतात तिथं लोखंडाची चावी ठोकलेली असते, आणि वरून गाड्या गेल्या की हादऱ्यानं ती सरकते. चावीवाल्यानं रोज हातोडा घेऊन आपला टापू पायी चालायचा, प्रत्येक चावीवर टोला घालायचा आणि कान द्यायचा. घट्ट चावी टण् वाजते, सैल चावी खद् वाजते. दिसायला दोन्ही सारख्याच. आमचे इन्स्पेक्टर साहेब म्हणायचे की ज्याला खद् ऐकू आलं नाही तो बहिरा, त्याला दुसरं काम देऊ. पण खद् ऐकून जो पुढं चालता झाला त्याला मी घरी पाठवीन. मी वीस वर्षांत एकदाही पुढं चालता झालो नाही. एवढं सांगायला मला अजून बरं वाटतं.

तर इतकी वर्षं खडीवरून चालून गुडघ्याची वाटी झिजली. पेन्शनीत आलो तेव्हा मी अंगणातून ओट्यावर चढायलासुद्धा खांब धरत होतो. मग चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या मोठ्या इस्पितळात विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरांनी गुडघाच बदलू म्हणून सांगितलं. वय त्यांचं पस्तीस असेल, हात मात्र बाईसारखे मऊ. त्यांनी मला ती वस्तू आधी हातात दिली होती. वर एक दांडी, खाली एक दांडी, मधे बिजागरी. आपल्या कोठीच्या दाराला आहे तशीच, फक्त चकचकीत. त्या दांड्या हाडांत घालून सिमेंटनं बसवतात. (खरंच सिमेंट, दाजी, पण पोत्यातलं नव्हे.) डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि दहा किलोच्या वर ओझं उचलायचं नाही. मी तिन्हीला मान हलवली आणि गावी येऊन पहिल्या दोनच सांगितल्या. तिसरी सांगितली असती तर भातलावणीच्या, आवणीच्या दिवसांत बांधावर बसून राहावं लागलं असतं, आणि तुझ्या वहिनीनं मला बसलेला कधी बघितलेला नाही.

आता गावाचं ऐक. पायात लोखंड घातलं म्हटल्यावर साऱ्या वडिवळ्याची समजूत अशी झाली की हा पाय आता देवानं दिलेल्या पायापेक्षा जोरकस आहे. कुणाची गाडी चिखलात रुतली की मला हाक. शेजारचा केरबा तर पाहुण्यांना मला दाखवायला घेऊन यायचा आणि माझ्याच ओट्यावर बसून सांगायचा, "ह्यो मोडायचा न्हाई. हाडाचा असता तर मोडला असता." मी नाही म्हणत नव्हतो. तीस वर्षं साहेबांपुढं सलाम ठोकून काढल्यावर माणसाला थोडा मान मिळाला तर तो परत कसा करायचा? खंडेनवमीला वहिनीनं नांगराचा फाळ, विळे, कोयता, माझा जुना हातोडा असं सगळं लोखंड ओळीनं पाटावर मांडलं आणि शेवटी मला खुर्चीवर बसवून ओळीत घेतलं. गुडघ्याला हळद, कुंकू, झेंडूचं फूल. नैवेद्य दाखवताना तिनं डोळे मिटून हात जोडले तेव्हा मला हसू आलं नाही, झुंबर. त्या बाईनं वर्षभर मला धरून परसात नेलं-आणलं होतं. तिच्या लेखी तो फाळाइतकाच पोटापाण्याचा होता. तीन वर्षं त्यानं उत्तम काम दिलं, हे मी कुणापुढंही सांगेन.

मग यंदाच्या वैशाखात चंपाचं लग्न. तो विषय मी काढणार नव्हतो, पण दाजींच्या माहितीसाठी थोडक्यात. (ते तेव्हा मागे पंगतीच्या चुलाणापाशी होते आणि आमटीवर लक्ष ठेवत होते.) आपल्या घरची रीत, मामानं नवरीला घरातून उचलून मांडवात आणायची. डॉक्टरांच्या दहा किलोंत आमच्या चंपाचा एक हातही बसला नसता. मी दारात जरा घुटमळलो, तर तू पन्नास बायकांपुढं कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "दादा, लोखंडाचा गुडगा हाय न्हवं? मग भाचीला उचलाया काय झालं? का लोकाचा मामा आनू?" बायका हसल्या. मी उचलली. तेरा पावलं चाललो, चंपाला नीट पाटावर उभी केली, आणि मगच गुडघ्यानं बाजूला मान टाकली. मी बसलो तो अक्षतांच्या सुपात. लोकांना वाटलं, मामाला रडू आवरेना म्हणून खाली बसला, आणि दोघीतिघी मला बघून रडायला लागल्या. मंगलाष्टकं तेवढ्यात आटोपली. मला बैलगाडीत घातलं तेव्हा तू चाकाशी बसून कपाळ बडवत होतीस, "म्या माज्या दादाचा पाय मोडला." ते शब्द तू धरून बसलीस. तेव्हापासून तुझं तोंड दिसलं नाही. दिसतो तो केरबा. तळेगावच्या बाजाराहून येताना दर वेळी तुझा आंबेमोहोर आणि तुपाची बरणी घेऊन येतो, आणि निरोप एकच, "बाई म्हनली, दादाला घाला."

सध्याची परिस्थिती अशी. गुडघा पुढं वाकायचा तो वाकतोच, शिवाय बाजूलाही वाकतो. दोन काठ्यांवर चालतो. यंदाच्या झोडणीला मी खळ्याच्या कडेला खुर्चीवर बसून हुकूम सोडत होतो. ठाकरवाडीचा बुधा भारे झोडत होता. दुपारपर्यंत त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मुकादम, तुमी बोलू नगा. तुमी बोलता तवा मला तुमच्याकडं बघावं लागतंय आन भात इस्कटतंय." माणूस खरं बोलला. त्यानंतर मी नुसता बसून राहिलो. साठीच्या वयात पहिल्यांदाच मला दिवस केवढा लांब असतो ते कळलं.

डॉक्टरांकडे गेल्या आठवड्यात जाऊन आलो. फोटो काढला. ते म्हणाले, हाडानं सिमेंट सोडलं आहे, आता पुन्हा उघडायला हवं. जुनी बिजागरी काढायची. आत हाड चांगलं उरलं असेल तर नवी, लांब दांडीची घालायची. हाड भुसभुशीत निघालं तर बिजागरीचा नाद सोडून वरचं हाड खालच्या हाडाला सरळ सांधून टाकायचं. पाय राहील, चालता येईल, पण मग तो कधीच वाकणार नाही. आणि आत पू निघाला तर त्याहून वाईटही होऊ शकतं, ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं. यांतलं कोणतं, ते उघडल्यावरच कळायचं. मी म्हटलं, साहेब, हातोड्यानं वाजवून कळत नाही का? ते हसले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात ठेवला नसता तर बरं झालं असतं, कारण तोवर मी चांगला धीराचा होतो.

दाखल व्हायचं आहे ते येत्या सोमवारी नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारी. तू यायची तसदी घेऊ नकोस. तुमचीही झोडणी असेल, म्हशीचं बघायचं असेल. आम्ही लोणावळ्याला जाऊन तिथून मुंबईची गाडी धरू, रेल्वेचा पास आहेच. तुझी वहिनी सोबत आहे. काळजीचं काहीएक कारण नाही. पोरींना पापे, दाजींना पुन्हा एकदा रामराम, आणि तुला, तू माझ्यावर कितीही रुसलीस तरी,

तुझ्या थोरल्या भावाचे आशीर्वाद.
हौशीराम

ता. क. तसदी घेऊ नकोस असं वर लिहिलं ते खोडायचं राहिलं. गोष्ट अशी की इस्पितळाच्या कागदावर जवळच्या नातलगाचा अंगठा लागतो. पाय सरळ सांधला तरी किंवा त्याहून वाईट करावं लागलं तरी आमची हरकत नाही, असा तो कागद आहे. तुझी वहिनी अंगठा द्यायला तयार नाही. ती म्हणते, मागल्या वेळी मी अंगठा दिला आणि हे असं झालं, माझा हात लागू पडत नाही. मी तीन दिवस समजावलं. ती पदराखाली मूठ आवळून बसते आणि चूल फुंकायला उठते. मी खूप विचार केला. आम्हाला पोटचं कुणी नाही. अंगठा तुझा पाहिजे. डाव्या हाताचा, लहानपणी भात कापताना विळ्यानं चिरलेला तो. त्या वेळी मी माझी कोपरी फाडून तो बांधला होता आणि आईचा मार खाल्ला होता, कोपरीसाठी.

दुसरा ता. क. दाजी, हे मात्र मोठ्यानं वाचा, आणि एक अक्षर गाळू नका. झुंबर, ज्या बाईला वाटतं की दादाचा पाय मी मोडला, तिचा अंगठा त्या कागदावर थरथरेल. म्हणून सांगतो. तो पाय तू मोडला नाहीस. माघ महिन्यात, म्हणजे लग्नाच्या तीन महिने आधी, अंगणातून जाताना मला गुडघ्यात खद् ऐकू आलं. बाजेवर पाय पसरून मी नडगीवर हातोड्याचा दांडा हळूच वाजवून बघितला. पुन्हा खद्. पेन्शनीचं काम आहे असं वहिनीला सांगून मी मुंबईला जाऊन आलो. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की बिजागरी सैल झाली आहे, उशीर करू नका आणि काही उचलू तर मुळीच नका. मी म्हटलं, भाचीचं लग्न झाल्यावर बघू. मांडवात मी तुझ्या टोमण्यानं उचलली नाही, झुंबर. माझ्या हौसेनं उचलली. चंपा दोन वर्षांची असताना मी तिला खांद्यावर घेऊन देहूची जत्रा दाखवली होती. पोरगी पुन्हा एकदा माझ्या हातांवर यावी, एवढंच मनात होतं. मग तू चाकाशी बसून रडलीस तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा लाज वाटली. पुढं तांदूळ यायला लागला, आणि तांदूळ फार चांगला होता. वीस वर्षं रुळावर जे केलं नाही ते मी घरी केलं. खद् ऐकलं आणि पुढं चालता झालो, आणि गाडी घसरली ती तुझ्या अंगावर. सहा महिने तू ते ओझं वाहिलंस. मला माफ कर. चंपालाही सांग, ती सासरी बसून स्वतःच्या वजनाला दोष देत असेल.

तिसरा ता. क. मला भीती वाटते. वहिनीला हे सांगितलेलं नाही. पाय सरळच सांधला तर नंदाच्या लग्नात तिला उचलायला दुसरा कुणी बघावा लागेल, केरबा तयार होईल. मी तिच्या मागं उभा राहीन. उभं राहायला गुडघा वाकवावा लागत नाही, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. तू रविवारीच ये, म्हणजे एक दिवस आधी. येताना तांदूळ आणू नकोस, तूप आणू नकोस, रिकाम्या हातानं ये. अंगठा तेवढा आण.