मागच्या फळीवर चैताली

३ एप्रिल

आले बाई सोलापुरात! माझा लेक यशपाल स्वतः गावाला न्यायला आला, त्याच्या पिकअपमधनं. मागं माझी ट्रंक, जोंधळ्याचं पोतं आन् दोन कोंबड्या, आणि पुढं मी, राणीवानी. गाडी लई दांडगी. चारी चाकं जोर लावत्यात, चिखल म्हणू नका, दगड म्हणू नका. मागच्या फळीवर पिवळ्या अक्षरात ‘चैताली’ लिवलंय, खाली यशपालचा फोन नंबर. चैताली माझी नात, सात वर्षांची. पोरगी आणि गाडी एकाच महिन्यात घरी आल्या, म्हणून ते नाव. सूनबाई गणवेश शिवायच्या कारखान्यात जाती, तर पोरीला बघायला मला आणलंय. ही वही तिचीच, अर्धी कोरी पडली होती. तिसरीपर्यंत शिकले मी, तेवढं पुरतं. कोंबड्या शेजारच्या माजिदाभाभीनं ठेवून घेतल्या, तिचं अंगण मोठं. एकीनं लगेच अंडं दिलं की!

७ एप्रिल

गाडी विकली. नवी यायचीय. घेणारा एजंट जुन्या गाड्या जहाजात घालून परदेशी धाडतो म्हणं. काय काय धंदे असत्यात! यशपाल ब्लेड घेऊन नाव खरवडायला बसला. मी ओरडलेच, लेकराच्या नावावर पातं फिरवतूस व्हय रं? तो हसला. म्हणला, आई, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हाय, त्यांच्यासमोर असलं बोलतीस? मी म्हणलं, त्यांचं माझं मी बघून घेते, तू पातं ठेव. ठेवलं त्यानं. नाव तसंच गेलं. चैताली गल्लीच्या टोकापर्यंत गाडीमागं पळाली आणि रडत आली. मग कडक भाकरी चुरून शेंगाची चटणी दिली, तवा गप झाली.

२९ मे

गंमतच झाली! यशपालच्या फोनवर परदेशातनं फोटो आला. आपली गाडी! सगळीकडं वाळू, आणि फळीवर ‘चैताली’. खालचा नंबर बघून कुणीतरी धाडला. मी गल्लीभर दाखवत फिरले, आमची चैताली फॉरेनला गेली म्हणून. गाडीत ताडपत्रीखाली कायतरी उंच झाकलंय. पाण्याचं इंजिन असंल. माजिदाभाभी चष्मा लावून लई वेळ बघत बसली.

२ जून

आज ताडपत्री काढलेला फोटो आला. बंदूक हाय. माणसाएवढी, लोखंडी तिवईवर बसवून गाडीला जखडलेली. भोवती चार माणसं उभी, तोंडं बांधलेली. यशपाल म्हणला, तिकडं लढाई चाललीय. फौजेच्या गाड्या कुटनं आणणार, मग असल्याच गाड्या घेत्यात, वाळूत रुतत न्हाईत.

चैताली सकाळपासनं म्हणती, आजी, पाठ जड झालीय. शाळेला तर सुट्टी हाय, दप्तर न्हाय काय न्हाय. तेल चोळलं.

५ जून

पाठीवर वळ उठलेत. बुटांचे.

डॉक्टरनं विचारलं, पोरीला कुणी तुडवलंय का. सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. दिवसभर घरात मीच असते की तिच्यापाशी. माझ्याकडं बघितलं तिनं!

८ जून

जेवता जेवता पोरगी हादरायला लागली. धड धड धड, खांदे मागं मागं. ताट उलटलं. मग थांबली, आणि म्हणली, समोरची पडली. कोण गं, बाळा? तर ताट सुलटं करून परत जेवायला लागली.

संध्याकाळी ती बंदूक चालतानाचा व्हिडिओ आला. मी बघितला न्हाय. सूनबाईनं बघितला. आता ती माझ्याकडं तसं बघत न्हाय. कुणाकडंच बघत न्हाय.

१० जून

एजंट म्हणतो गाडी चार हातांतनं पुढं गेली, आता माझा संबंध न्हाय. माजिदाभाभीचा भाऊ राजेसाब आखातात कामाला असतो. त्यानं फोटो आला त्या नंबरवर त्यांच्या बोलीत निरोप धाडला. लेकराचं नाव हाय, तेवढं पुसा. पुसतील. त्यांनाबी लेकरं असतील की —

११ जून

उत्तर आलं. फोटोच आला. नाव नव्यानं रंगवलंय. लाल.

राजेसाबनं सांगितलं, नाव नशिबाचं हाय म्हणत्यात. गाडीला अजून एकबी गोळी शिवली न्हाय. पुसणार न्हाईत.

पातं मी थांबवलं. मीच.

१३ जून

पोरीचं नाव बदललं. नागू म्हणायचं, माझंच, नागूबाईतलं. हाक मारली तर वळतच न्हाय.

पालथीच पडून असती. उताणी केली की किंचाळती. माणसं पडतील म्हणती.

१४ जून

राजेसाबचा फोन. त्याच नंबरवरनं त्याला दुसऱ्या एका गाडीचा व्हिडिओ आला. वर ड्रोनची घरघर ऐकू आली की माणसं उड्या टाकून पळत्यात, गाडी तितंच सोडून. मग वरनं जाळ —

सूनबाईला सांगितलं न्हाय.

१५ जून, दुपार

उठून बसली! पाठ हलकी झाली म्हणती. वळ कमी दिसत्यात. भाकरी मागितली. हसली बाई माझी पोरगी! कसं काय गं म्हणलं, तर म्हणती, सगळी उतरली, आजी. पळाली —

यशपाल! —

पोरगी वर बघतीया. लाईट गेलीय, पंखा बंद हाय, तरी म्हणती घरघर —

कुटं न्यावं हिला. घरात काय, भाईर काय, गाडी तर तितंच उभी — हिच्या अंगावर आडवी पडते, काय यायचं ते आधी माझ्या —