दार लागलेलं ऐकूच आलं नाही

माझ्या घरच्या सौ. मालकीणबाईंना सप्रेम नमस्कार.

इथं परदेशात मालकांचं जेवणाचं टेबल, जिना आणि घरातली सगळी दारं मी माझ्या हातांनी केली. काल दार लावलं तर मालक म्हणाले, "आय डिडन्ट हिअर इट क्लोज!" म्हणजे दार लागलेलं ऐकूच आलं नाही. सुताराला याहून मोठी शाबासकी कुठली?

हे इंग्रजी मी आपलं आपण शिकलोय. नकार असला तरी 'हिअर'पुढे नुसतं 'क्लोज'. 'टू' नाही की 'क्लोज्ड' नाही.

मग तुझ्यावरही वाक्य जुळवलं: "आय डिडन्ट हिअर हर स्कोल्ड मी." तिला माझ्यावर ओरडताना ऐकलं नाही. फोनवर तू फारच गोड बोलतेस, म्हणून शंका येते. तुझा दुखरा गुडघा खरंच बरा आहे ना?

तुझाच,
सुतारबुवा

ता. क. मालक आणखी दोन वर्षं राहा म्हणाले. नको म्हटलं, घरी येतोय. आता मनसोक्त ओरड. महिना दीड लाख देत होते.