उरलेल्या गाठीसाठी मिक्सर

ती. ताईस,

दमलेल्या धाकट्याचा नमस्कार. टाके सुकले का? हात डोक्यापर्यंत जातो का? सध्या स्वयंपाक भावोजी करतात असं कळलं, म्हणून तुझ्या प्रकृतीची जास्तच काळजी वाटते.

मी बरा आहे (म्हणजे उभा आहे). ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आमच्या प्रयोगशाळेत आली, की एका कोपऱ्याचा वाटाण्याएवढा तुकडा कापायचा, त्यातला डीएनए तपासायचा आणि उरलेली गाठ महिनाभराने टाकून द्यायची, ही आमची जुनी रीत. पण एकाच गाठीत या टोकाच्या पेशी वेगळ्या, त्या टोकाच्या वेगळ्या. नेमकी खोडकर पेशी न कापलेल्या कोपऱ्यात बसलेली असू शकते आणि औषध तर अहवालावरूनच ठरतं. तुझ्या गाठीच्या तुकड्याचा अहवाल सौम्य आला तेव्हा सगळे खूश झाले. मी झालो नाही. उरलेली अख्खी गाठ दळून एकजीव करावी आणि मग त्यातलं चिमूटभर तपासावं, असं मी मोठ्या साहेबांना तुझ्या ऑपरेशनच्या आधीपासून आठ महिने सांगत होतो. (हे साहेब म्हणजे भांडं न ढवळता वरचा चमचा चाखून मीठ ठरवणारे.)

शेवटी मंजुरी मिळाली. अर्जात मी साधं 'मिक्सर' लिहिलं, कारण अवघड नाव दिसलं की स्टोअरचा कारकून अर्ज परत पाठवतो. त्याने मिक्सर सरळ कॅन्टीनला दिला. तीन आठवडे आमचं काम अडलं आणि कॅन्टीनवाल्याचं आलं-लसूण इतकं एकजीव होऊ लागलं, की साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मागायला गेलो तर तो देईना. मग त्यात काय दळणार ते सांगितलं. स्वतः आणून दिला बिचाऱ्याने. तेव्हापासून मला चहाचा कप लांबूनच सरकवतो. भांडं मात्र नवं मागवलं, लसणाचा डीएनए तपासायची वेळ अजून आमच्यावर आलेली नाही.

अधिक काय लिहू, झोप येतेय.

तुझा,
धाकटा

ता.क. सोबत संमतीचा कागद आहे, त्यावर सही कर. "माझं काढलेलं तू मिक्सरला लावणार? शोभतं का तुला?" असं फोनवर म्हणालीस. नाही शोभत. तरी कर. सोमवारी महिना भरतो आणि तुझी बरणी टाकून देतील. मला भीती वाटते, ताई.

ता.क. २. कागद पोस्टाने पाठवू नकोस. दर वेळी तू फोनवर 'बरी आहे' म्हणतेस आणि मी तेवढ्यावर गप्प बसतो. तोही एका कोपऱ्याचाच तुकडा. रविवारी मी स्वतः येतोय. भावोजींना सांग, जेवूनच येईन.