बाबांचा अंगठा आणि गावाची आरोग्य समिती

ती. स्व. लोसालिने आत्यांना फिलिमोनेचा वाकून नमस्कार. ऑकलंडच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे टोंगात सगळे धडधाकट आहेत, म्हणजे जे अजून तपासणीला गेलेले नाहीत ते.

बातमी अशी, की गावात आरोग्य समिती निघाली. साखरेच्या आजाराने निम्मा गाव लंगडू लागल्यावर पाद्रीबुवांना जाग आली. अध्यक्ष म्हणून तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे बाबा, एकमताने निवडून आले (त्यांच्याएवढं वजनदार माणूस गावात दुसरं नाही, वजनकाट्याने त्या दिवशी मान टाकली ती अजून वर केलेली नाही). उद्घाटन अर्थातच मेजवानीने झालं. अख्खी भाजलेली डुकरं, अळूच्या पानांत शिजवलेलं डब्यातलं मांस, आणि मेंढीच्या पोटाच्या त्या चरबीच्या पट्ट्या, ज्या तुमच्याकडे कोणी ताटात घेत नाही म्हणून बोटी भरभरून आमच्याकडे येतात. (पाठोपाठच्या बोटीने ‘कमी खा’ सांगणारी चकचकीत पत्रकंही येतात. आपल्या समुद्रातला ताजा मासा मात्र परदेशी जातो, आपल्याला तो परवडत नाही.)

जेवणं आटोपल्यावर बाबांनी पथ्यावर दणदणीत भाषण केलं. टाळ्या चालू असतानाच आपल्या दवाखान्यातली नर्स सेइनी पुढे आली आणि म्हणाली, “काका, बूट काढा. ओला दिसतोय.” बाबा म्हणाले, सरबत सांडलं असेल. तिने ऐकलं नाही. बुटातून आधी एक खडा निघाला, मग काळा पडलेला अंगठा. खडा किती दिवस रुतत होता कोण जाणे, पायाला संवेदनाच उरली नव्हती.

राजधानीतले डॉक्टर म्हणाले, अंगठा आत्ताच काढू, नाहीतर पुढे पाय जाईल. बाबा म्हणाले, “देवाने अख्खा पाठवलाय, अख्खाच परत जाईन. हप्त्याने फेडायला देव काय दुकानदार आहे?” सेइनी म्हणाली, “मग अख्खे जाल काका, पण लवकर जाल.” आई तेव्हापासून रडते आहे. समितीने अध्यक्षांसाठी खास प्रार्थना ठेवली (नंतर जेवण होतं).

घरच्या सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार.

तुमचा भाचा,
फिलिमोने

ता. क. – खरं काम हे. डॉक्टर झाले, पाद्रीबुवा झाले, आई रडून झाली. थोरल्या बहिणीचा शब्द मोडायची छाती मात्र बाबांना नाही. रविवारी चर्चनंतर फोन करा. विनवू नका, हुकूम सोडा.

पुन्हा ता. क. – जाता जाता सेइनीने माझंही बोट टोचलं. यंत्रातला आकडा बघून ती माझ्या पायांकडे बघत राहिली. दवाखान्यात ये म्हणते. मी अजून गेलेलो नाही. तेव्हा बाबांना जे काय सुनावायचं ते जरा मोठ्याने सुनावा. फोन त्यांच्या कानाशी मीच धरून उभा असेन.