चव न घेतलेला रस्सा

प्रिय ताई,

बाबांच्या वर्षश्राद्धाला केटामीनची, त्या नशेच्या पावडरीची, पुडी कालव्यात फेकली आणि त्या दिवसापासून सोडलं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं आहे. तेव्हा माझ्याकडे पुडीच नव्हती. तू दिवस विचारलास, म्हणून मी एक दिवस रचून दिला.

खरं तर असा दिवस नाहीच. ज्यांच्यासोबत नशा करायचे त्यांतल्या शाओ-हुईला आधी बाळ झालं, मग आ-जे दूर शिनचूला राहायला गेला. मला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली आणि रविवारच्या नशेनंतर सोमवारी गिऱ्हाइकाचा नंबर लिहिताना मलाच आकडे नीट दिसेनात. शेवटच्या वेळी आमच्या नेहमीच्या भाड्याच्या गाण्याच्या खोलीत त्यांच्याबरोबर बसले होते, तर घरी जाऊन केस धुवावेत एवढंच मनात येत होतं. पुढच्या बोलावण्याला म्हटलं, "डोकं दुखतंय." त्यानंतर कुणी बोलावलं नाही, मलाही आठवण झाली नाही. याला दीड वर्ष झालं.

सुटल्याचं आईला अजून ठाऊक नाही. मी नशा सोडेपर्यंत ती मांसाला तोंड लावणार नाही, हा तिचा माझू देवीला बोललेला नवस तुला माहीत आहेच. तीन वर्षं ती आपल्या खाणावळीत डुकराचं मांस शिजवून गिऱ्हाइकांना भातावर वाढते आणि स्वतः रस्सा चाखत नाही. मीठ अंदाजाने. काल रोज जेवायला येणाऱ्या खुन काकांनी वाटी परत सरकवली, "वहिनी, आज समुद्र ओतलात का?" आई म्हणाली, "पाणी फुकट आहे, गप प्या!" सगळी खाणावळ हसली. मग आत येऊन ती हळूच मला म्हणाली, "तू चाख गं." खारटच होता. मी म्हटलं, "बरा आहे."

माझं मन असं भित्रं. नवस फेडताना देवीला नाव, पत्ता, घडलेलं सगळं तारखेसकट नेमकं सांगायचं, हे आईनेच शिकवलं. आणि माझ्याकडे तारीख नाही. तेवढ्यासाठी मी दीड वर्ष गप्प राहिले आणि ती नुसत्या भाज्या खात राहिली. आता हे लिहिल्यावर मोकळं वाटतंय. तारीख नाही, पण सुटलंय हे खरं आहे. देवीला तेवढं पुरेल.

कालव्याची गोष्ट आईला फोनवर सांगितली नसशील तर सांगू नकोस, म्हणून हे घाईचं पत्र. खरं काय ते मीच तिला सांगणार आहे. दुकानदार भूमिदेवाला मांसाचा नैवेद्य दाखवतात त्या दिवशी, चूल पेटायच्या आधी. म्हणजे येत्या गुरुवारी, चांद्र महिन्याच्या सोळाव्या दिवशी.

तुझीच धाकटी,
यून-जू