कार-एशारचा गाळ

अय्यारू महिना, दुसरा दिवस
दुपारी कार-एशारला पोहोचलो. बोटीतून उतरताच गावाने खजूर आणि जवाची दारू पुढे केली. युफ्रेटिसचा हा शेवटचा फाटा आता माझ्या ताब्यात: चाळीस घरे, एक साठवण-कुंड, पाण्याचे एक दार. आईविना वाढलेली माझी सात वर्षांची नुत्तुप्तू काठावर नाचत सुटली. मी तिथेच भाषण ठोकले. पाणी कुणाची मेहेरबानी नव्हे, मापाने वाटायचा न्याय आहे. म्हातारा गावप्रमुख इब्बी-इलाब्रात म्हणाला, पाटकरीबुवा बोलतात झकास, आता आमचं पाणी पिऊन बघा. चावून प्यावं लागतं.

सहावा दिवस
खरेच चावावे लागते. करडे, कोमट, तुपकट. घशातून उतरताना मागे ओढ धरते. मी बोटीवरून नदीचे पाणी मागवतो. नुत्तुप्तू पहिल्या दिवशी ओकली. आता स्वतःच मडके मागते.
इतरत्र उपसलेला गाळ काठावर टाकतात. इथे प्रत्येक घर पाटीभर घरी नेते आणि जवाच्या पिठात मळते. शेजारीण लमस्सानी रोज माझ्या पोरीला ती भाकरी भरवत होती, हे आज कळले. जाब विचारला तर म्हणते, पणजीपासून हेच खातो, शहरातल्या नाकाला नखरे फार.

अकरावा दिवस
कुंडात उतरलो. फावडे मारले. गाळ दबला, चिरला आणि चीर मिटली. त्यात केस होते. गाळातूनच उगवलेले, मुळासकट. हात तीनदा धुतले, वास जात नाही. घाणीला रीत म्हणायचे आणि पोरांच्या तोंडात कोंबायची! चौकात तासभर बोललो. नुत्तुप्तूने शपथ घेतली, ही घाण पुन्हा तोंडात घालणार नाही. ऊर भरून आला.
दार बंद केले. कुंड उन्हात वाळवणार. इब्बी-इलाब्रात पाया पडून म्हणाला, बुवा, आमची अंगं फुटतील. रडगाणे.

चौदावा दिवस
कुंडाला भेगा पडल्या. लमस्सानीच्या गालालाही. रक्त नाही. आत करडा, ओला गाळ. उरलासुरला चिखल ती बोटाने चिरेत लिंपते, भिंत सारवावी तसा. म्हणाली, बघा, न्याय वाळत घातलाय.

पंधरावा दिवस
नुत्तुप्तूच्या टाचेला भेग. नदीचे पाणी पाजले. ओकली. ओकारीत केस —

सोळावा दिवस
भेगा गुडघ्यापर्यंत. करंगळी गळून पडली, ढेकळासारखी. रडली नाही. बाबा, चिकटवा म्हणाली. थुंकी लावून पाहिली. नाही —

सतरावा दिवस, सकाळ
दार उघडले. मीच. सगळे गाव काठावर पालथे पडून पिते आहे. गाल मिटताहेत.
नुत्तुप्तू पीत नाही. दात घट्ट. लमस्सानीने गाळाची भाकरी आणली, तीही नको. तुम्हीच घाण म्हणालात ना, बाबा. शपथ आहे.
मी चुकलो म्हटले. ऐकत नाही. हनुवटी फुटते आहे —
आधी तुम्ही खा, म्हणते.
तुकडा हातात आहे. कोमट. दाबला तर उलटा दाबतो. ती टक लावून पाहते आहे. मी तोंड उघडले. जिभेवर केस —
चावायला हवे. तिच्यासमोर गिळायला —
गिळला. ती हसली, तिनेही घास घेतला, आता माझ्या घशात तो मागे ओढ —